जकात नको, वक्फ करा

जुन्या वास्तूंच्या डागडुजीसाठी इस्लामी पद्धतीने लोकवर्गणी काढावी, ही लेखातली कल्पना मनापासून पटली. फक्त त्यात जकात, म्हणजे मुसलमानांवर बंधनकारक असलेलं दान, ओढू नका. कुराणात तिचे आठ हक्कदार ठरलेले आहेत, गोरगरीब त्यात पहिले. सदका (स्वेच्छेचं दान) किंवा रोख वक्फ (सत्कार्यासाठी कायमची राखून ठेवलेली रक्कम) घ्या. वक्फमध्ये मुद्दल शाबूत राहतं, व्याज न घेता मिळालेल्या भाड्या-नफ्यातून दरवर्षी दुरुस्ती होते. वास्तूला तेच हवं असतं. आणि चुन्याच्या जुन्या बांधकामावर सिमेंट थापू नका हो, आत ओल कोंडते आणि विटांचा भुगा होऊन पडतो! आपलं नागपूर १७०२ साली गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसवलं, जुम्मा तलाव त्याचा वारस राजा चांद सुलतान याने बांधला. त्या गोंडकालीन खुणांसाठी असा निधी उभारला, तर पहिली वर्गणी माझी. हिशेब मात्र दर महिन्याला जाहीर लावा.