झुकिनीची नर फुले खुडू नका

‘झुकिनीला आधी येणारी फुले वांझ असतात, वेलाची ताकद खातात, दिसताच खुडून टाका म्हणजे फळे दुप्पट लागतील,’ असा मेसेज बागकामाच्या ग्रुपांवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. मागच्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला होता, म्हणून हा खुलासा.

ती फुले वांझ नसून नर आहेत. भोपळा, काकडी, दोडका यांच्यासारखीच झुकिनीच्या एकाच झाडावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात, आणि सुरुवातीला बहुधा नरच येतात. ओळखायला सोपे आहे: मादी फुलाच्या मागे बोटाएवढी इवलीशी झुकिनी असते, नर फुलाला नुसता लांब, बारीक देठ. परागकण नर फुलातच असतात. सगळी नर फुले खुडली, तर मादी फुलामागचे कोवळे फळ पिवळे पडते, टोकाकडून सडते आणि गळते. परागीकरणाशिवाय, म्हणजे परागकण मादी फुलावर न पडताही, फळ धरणारे काही वाण आहेत, पण सगळे तसे नाहीत.

फूल एकाच सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. मधमाश्या फिरकत नसतील, तर सकाळीच ताजे नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला परागाने माखलेला दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवा. माझ्या वाफ्यात गळणारी फळे यानेच टिकली.

भाजीसाठी फुले हवी असतील तर जास्तीची नर फुले जरूर काढा, फक्त रोज दोन-तीन नर फुले झाडावर राहू द्या.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हे कळवा.