मत तयार ठेवा, गाणं नंतर ऐका

पहिल्या वर्षाला ॲडमिशन घेऊन तुम्ही सांगलीत आलात, विश्रामबागेत कॉट बेसिसवर खोली मिळाली, मेसवाल्या काकूंचा डबा सुरू झाला, की लगेच पुस्तकं उघडायची घाई करू नका. पुस्तकांसाठी परीक्षेची आदली रात्र राखून ठेवलेली आहे. आधी गाण्यांविषयी मतं जमवा. कारण खोलीत चौघं असतात आणि पहिल्याच रात्री दिवा बंद झाला की अंधारातून प्रश्न येतो, ‘तू काय ऐकतोस लगा?’

इथं खरं बोलायचं नाही. मी बोललो होतो. ‘जे लागेल ते,’ म्हणालो. जतकडच्या माणसानं एसटीत, वडापात, लग्नाच्या मांडवात जे लागेल तेच ऐकलेलं असतं, त्यात लपवण्यासारखं काय? पण त्यावर अंधारात जी शांतता पसरली, तिच्यावरूनच कळलं की आपण नापास झालो. दुसऱ्या दिवसापासून माझी बादली आणि माझा चार्जर कुणीही न विचारता वापरावा, असा खोलीत अलिखित ठराव झाला. तीन वर्षं बादली शाबूत ठेवायची असेल तर पुढचं नीट वाचा.

मत द्यायला गाणं ऐकावं लागतं ही जुन्या लोकांची समजूत आहे. नवीन गाणं आलं की त्याखालच्या प्रतिक्रिया वाचाव्यात आणि तिसरी उचलावी. पहिल्या दोन सगळ्यांनी उचललेल्या असतात. कुणी न ऐकलेल्या गायकाला ‘अंडररेटेड’ म्हणावं, सगळ्यांनी ऐकलेल्याला ‘ओव्हररेटेड’. एखाद्याबद्दल काहीच ठाऊक नसेल तर खिडकीबाहेर बघत ‘आधीचं काम भारी होतं त्याचं’ एवढंच म्हणावं. आधीचं काम नसलं, पोरगं परवापासूनच गायला लागलेलं असलं, तरी हरकत नाही. तपासणार कोण? समोरच्यानंही ऐकलेलं नसतं. अगदीच अडलात तर ‘विषय हार्ड’ हे दोन शब्द पुरतात. कोल्हापूरपासून विट्यापर्यंत त्याला परीक्षण समजतात.

ऐकायचंच झालं तर अर्धं मिनिट ऐका. स्पॉटिफायसुद्धा गाणं 30 सेकंद वाजलं की ते एकदा ऐकलं गेलं असं धरतं. कंपनीला जे चालतं ते आपल्याला न चालायला काय झालं? गाणी करणाऱ्यांनीही हे ओळखलंय. सुरुवातीची ती लांबलचक व्हायोलिनं-बियोलिनं गेली, दारात चप्पल काढायच्या आत मुखडा अंगावर येतो. यावर घरातली मोठी माणसं म्हणणार, आमच्या वेळी गाण्याला निवांतपणा होता. त्यांच्यासाठी एक उत्तर पाठ करून ठेवा. म्हणावं, तुमच्या त्या 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची आणि अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यातच राग गाऊन दाखवले. हे मी सांगलीतल्या काकांना ऐकवलं. काका चहा खाली ठेवून म्हणाले, ‘बरोबर आहे. त्यातला तू कुठला ऐकलास?’ म्हणून सांगतो, उत्तर दिलं की पाणी प्यायच्या निमित्तानं लगेच उठावं.

डिसेंबरात मात्र जपून राहा. ॲप वर्षभराचा हिशेब काढून हातात देतं आणि पोरं तो स्टेटसला लावतात. मी आठ महिने कोरियन बँड आणि पावसाच्या आवाजातलं लो-फाय यांवर बोलत होतो. हिशेबात पहिला नंबर निघाला चुलतभावाच्या हळदीत वाजलेल्या गाण्याचा, आणि त्याच्या पाठोपाठ खंडोबाच्या जागरणाची दोन गाणी. मी म्हणालो, फोन घरच्यांनी वापरला असणार. चुलतभावाची हळद जानेवारीत झाली होती आणि मी ते गाणं ऑक्टोबरपर्यंत रोज ऐकत होतो, हे मी आता पहिल्यांदाच कबूल करतोय. तुम्ही ही चूक करू नका. सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट सेशन’ म्हणून एक सोय आहे, ती चालू केली की आपण काय ऐकतोय ते मित्रांना दिसत नाही. मनापासून आवडतं ते सगळं तिथं ऐकावं. आणि जे आवडतं असं सांगितलंय, ते रात्री आवाज बंद करून लावावं आणि फोन उशीखाली ठेवून झोपावं. अभिरुची सकाळपर्यंत आपोआप तयार होते.

आता गावाचा अभिमान. सांगली ही नाट्यपंढरी आहे हे तुम्हाला रिक्षावालाही सांगेल. 5 नोव्हेंबर 1843 ही तारीख स्वतःच्या जन्मतारखेसारखी पाठ करा: विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, मराठी रंगभूमी तिथून धरतात, आणि त्या दिवशी दरवर्षी रंगभूमी दिन असतो. खोलीत कुणी डब केलेला दक्षिणेतला सिनेमा लावला की ही तारीख फेकावी आणि ‘आपल्या मातीतलं काही बघत जा’ म्हणावं. फक्त मागची गोष्ट सांगू नये. मागची गोष्ट अशी की त्याच्या आधी कर्नाटकातून भागवत मंडळींचे खेळ सांगलीत आले होते; ते बघून सांगलीचे संस्थानिक श्रीमंत अप्पासाहेब पटवर्धनांनी भाव्यांना तसलंच काहीतरी मराठीत करायला सांगितलं. म्हणजे ज्या मातीचा आपण अभिमान बाळगतो, तिच्यात पहिलं पेरलं ते दक्षिणेतून आलेलं बियाणं. हे कळलं तर पोरं सिनेमा बंद करणार नाहीत, उलट आवाज वाढवतील.

अभिमानासाठी नाटक बघावं लागत नाही. भावे नाट्यमंदिरावरून रोज जावं, पाटीकडे बघून मान डोलवावी, पुढे जाऊन भडंग घ्यावं. मी एकदा आत गेलो होतो, फुकटचा पास होता. पहिल्या वीस मिनिटांत माझा अंगठा दोनदा आपोआप हवेत दाबला गेला, दहा सेकंद पुढे ढकलायला. शेजारच्या आजोबांना वाटलं मला काहीतरी होतंय.

त्यापेक्षा माणसांची यादी तोंडपाठ ठेवा, तालुक्यासकट. बालगंधर्व पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचे. नाटककार देवल मिरज तालुक्यातल्या हरिपूरचे. शाहीर पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. आशाताईंचा जन्म सांगलीचा. कुणी त्यांच्या एखाद्या गाण्याचं नाव काढलं की आपण गावाचं नाव काढावं. ‘त्यांची ती चाल...’ ‘आमच्याकडच्याच त्या.’ विषय संपला.

तमाशाबद्दलचं मत मात्र जागा बघून बदलावं लागतं. तमाशातल्या काळू-बाळूंचं कवलापूर इथून हाकेच्या अंतरावर. पण गावच्या यात्रेत तमाशाची राहुटी पडली की ‘असल्या ठिकाणी आपण जात नाही’ म्हणायचं. मीही म्हणालो होतो, वडिलांसमोर. वडील म्हणाले, ‘शाबास.’ रात्री डोक्यावरून टॉवेल घेऊन मी मागच्या बाजूला बसलो. माझ्या पुढे दोन रांगा सोडून एक माणूस तसाच टॉवेल घेऊन बसला होता. त्याच्या पाठीचा पोक माझ्या ओळखीचा होता. आम्ही दोघांनी शेवटपर्यंत मान वळवली नाही. पुढच्या वर्षी युवा महोत्सवात आमच्या कॉलेजनं ढोलकीवर तेच सगळं केलं. तिथं त्याला लोककला म्हणतात आणि सर्टिफिकेट मिळतं. ते बघायला वडील आईला घेऊन पहिल्या रांगेत बसले होते, टॉवेलशिवाय.

एवढी तयारी झाली की मुख्य विषयाला हात घाला. मुख्य विषय म्हणजे डॉल्बी.

रे डॉल्बी हा अमेरिकन इंजिनिअर. त्यानं 1965 साली लंडनमध्ये कंपनी काढली ती कशासाठी? तर टेपवर गाण्यामागं जी खरखर यायची, ती दाबण्यासाठी. नको असलेला आवाज कमी करणारा हा माणूस, आणि आपण त्याचं नाव दिलं कशाला, तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला. वळूचं नाव मौनीबाबा ठेवल्यासारखं. पण हे मंडळात सांगायला जाऊ नका. मंडळात ‘किती बेस, किती टॉप?’ एवढंच विचारायचं असतं, आणि उत्तर काहीही आलं तरी ‘गेल्या वर्षी जास्त होते’ म्हणायचं असतं.

नियम माहीत असावेत, बोलताना उपयोगी पडतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45. दवाखान्याभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र. डेसिबलचं गणित तर फारच सोयीचं आहे. दर दहा डेसिबलला आवाजाची ताकद दहापट होते, म्हणजे 55 चे 95 झाले तर ती चाळीसनं नाही, दहा हजार पटीनं वाढली. पण आकडा ऐकणाऱ्याला ते चाळीसच वाटतात. म्हणून पोलिसांच्या मीटिंगमध्ये ‘थोडंसंच वर गेलं साहेब’ असं अगदी खऱ्या चेहऱ्यानं म्हणता येतं.

याविषयी दोन मतं जवळ ठेवा, एक दिवसाचं आणि एक रात्रीचं. मी एनएसएसच्या पथनाट्यात सकाळी तीन चौकांत ‘आवाज कमी करा’ म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडलो. त्यानं घसा इतका बसला की संध्याकाळी ट्रॉलीपुढे नाचताना नीट ओरडता आलं नाही. दोन मतं ठेवण्यातलं नुकसान म्हणाल तर एवढंच.

एकदाच जरा अडचण झाली होती. आजीला मिरजेच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातनंही पेशंट येतात. आणि विसर्जनाची मिरवणूकही तिथलीच नावाजलेली, मोठमोठ्या स्वागत कमानींखालनं दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. रात्री मी कॉटशेजारी बसलो होतो. सलाइनच्या नळीतला थेंब पडायच्या आधी थरथरत होता. स्टीलच्या पेल्यातल्या पाण्यावर बारीक गोल उमटत होते. आजीनं डोळे उघडले आणि विचारलं, ‘गाणं कुठलं हाय रं?’ मी खिडकी उघडली, पाचेक मिनिटं कान दिला. छातीत धडधडत होतं, काच वाजत होती, पण गाणं काही सापडेना. आजी वाट बघत होती.

‘ओव्हररेटेड आहे,’ मी म्हणालो.

‘आस्सं,’ म्हणून तिनं डोळे मिटले.

एका ठिकाणी मात्र चुकूनही जाऊ नका. त्याच मिरजेत सतार-तंबोरे बनवणाऱ्यांची गल्ली आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली जीआय मानांकन मिळालं, तेव्हा त्यावर रील केलं तर चालेल असं वाटून मी गणपतीच्या आधी आठ दिवस तिथं गेलो. एक चाचा तंबोऱ्याची जवारी काढत बसले होते. तार जिच्यावरून जाते ती घोडी कानशीनं इतकी हलकी घासायची की भुकटी दिसते न दिसते, मग तारेखाली दोरा सरकवायचा, छेडायचं, ऐकायचं, परत घासायचं. मी मोबाईल धरून उभा. त्यांनी तार छेडली, म्हणाले, ‘ऐक.’ मग खाली वाकले, सरळ झाले, परत छेडली. ‘आता?’

‘आता भारी लागली,’ मी म्हणालो.

‘आता मी काहीच केलं न्हाई,’ चाचा म्हणाले. ‘चष्मा पडलावता.’

मग त्यांनी खरंच घासलं, दोरा हलवला, छेडलं. माझ्याकडे बघितलं. मी बराच वेळ काही बोललो नाही. त्यांनी परत छेडलं. मला वाटलं, आता काहीतरी वेगळं आहे, म्हणजे एका तारेतनं दोन-तीन आवाज निघाल्यासारखे, आणि मी ते सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला मंडळाचं टेस्टिंग सुरू झालं.

चाचांनी कानस खाली ठेवली. भिंतीला ओळीनं टांगलेले भोपळे, अजून तार न चढवलेले, आपापले घुमायला लागले. मी कॅमेरा तिकडे फिरवला. चाचा उठले, एका भोपळ्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले, आणि तसेच उभे राहिले. मला वाटलं आता शिवी देणार, रील मस्त होईल.

‘पट्टी काळी एक,’ ते म्हणाले. ‘पण जराशी उतरलीय.’