नेमाने घेतलेली गोळीही बाधते

‘दीर्घकालीन आजारांचे रुग्ण निष्काळजीपणामुळे औषधे चुकवतात’ हे लेखातील विधान मला पटले नाही. माझ्या आईला मधुमेह, उच्च रक्तदाब आणि गुडघ्यांचा संधिवात आहे. देवगड तालुक्यातील आमच्या आरोग्य केंद्रात साखरेच्या व रक्तदाबाच्या गोळ्या विनामूल्य मिळतात, हे खरे. परंतु गुडघ्यांसाठी कणकवलीला आणि मूत्रपिंडाच्या तज्ज्ञाकडे घाट चढून थेट कोल्हापूरला जावे लागते. तिन्ही ठिकाणचे कागद ती एका प्लास्टिकच्या पिशवीत नेते, मात्र ती पिशवी उलगडून सर्व चिठ्ठ्या एकत्र वाचणारे डॉक्टर आम्हाला दोन वर्षांत भेटलेले नाहीत. गुडघ्यांसाठी लिहून दिलेली डायक्लोफिनॅकची गोळी ती पाच महिने घेत होती. अशी वेदनाशामके रक्तदाब वाढवू शकतात आणि मूत्रपिंडालाही अपाय करू शकतात, हे आम्हाला रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावल्याची खूण, वाढल्यावर कळले. तिने औषध चुकवले नव्हते, अगदी नेमाने घेतले होते.

पथ्याचेही तसेच. मधुमेहासाठी भात कमी, रक्तदाबासाठी खारवलेले सुके मासे बंद, आणि आता मूत्रपिंडाला झेपणार नाही अशा पोटॅशियममुळे शहाळेही नको. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागलेल्या असताना सुक्या बांगड्याच्या तुकड्याविना पेज घशाखाली कशी उतरायची, हा तिचा प्रश्न मला तरी खोडता आलेला नाही. आरोग्य केंद्रातील महिन्याच्या फेरीत रुग्णाच्या सगळ्या गोळ्या, बाहेरच्या डॉक्टरांनी दिलेल्यासुद्धा, एकदा टेबलावर मांडून पाहिल्या, तरी पुष्कळ चुका वेळीच सापडतील. लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही.