आमच्या भुरीनं काही केलेलं नाही

गौरीजेवणापासून तुळशीच्या लग्नापर्यंत किती दिवस होतात, कधी मोजलेत? या वेळी 62 झाले. आणि कुत्रीचे दिवस भरायला साधारण 63 लागतात. चाळिशी ओलांडल्यावर हे गणित मला आमच्या भुरीनं शिकवलं.

भुरी आमची गावठी कुत्री. दोन वर्षांची, कान एक उभा, एक पडका. नसबंदीचं ऑपरेशन करायचंच होतं हो! पहिल्यांदा पावसाळा होता, मग लेकीची परीक्षा आली, मग कुणीतरी म्हणालं, "एकदा आई होऊ द्या बिचारीला, मग करा." ते आम्हाला सोयीचं होतं म्हणून लगेच पटलं. एकदा व्यायल्यानं कुत्रीच्या तब्येतीला काहीही विशेष फायदा होत नाही, हे डॉक्टरांकडून कळलं तोपर्यंत उशीर झाला होता.

कोजागरीच्या आठवड्यातली गोष्ट. भुरी सुटलीय असं सगळ्यांचं मत होतं. सासूबाईंच्या मते मोदक, नवऱ्याच्या मते माझे लाड. मध्यंतरी आठवडाभर ती नीट जेवत नव्हती, सकाळी दोनदा ओकली, दिवसभर पडून राहायची. मी मनातल्या मनात जंताच्या औषधाची तारीख शोधत होते. लेक तिला विंचरत बसली होती, तिनं हाक मारली, "आई, हिची आचळं बघ." गुलाबी, टपोरी. मी दोन बाळंतपणं केलेली बाई, आणि मला कळलं नाही!

सोनोग्राफीत डॉक्टरांनी मशीनचा पडदा आमच्याकडे वळवला. काळ्या पोकळ्या, त्यात लुकलुकणारं काहीतरी. "किती आहेत?" तर म्हणाले, यात नक्की आकडा कळत नाही, पन्नास-पंचावन्न दिवसांनी एक्स-रे काढू, तेव्हा कवट्या मोजता येतात. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "रक्त थांबलं म्हणजे संपलं, असं वाटलं ना तुम्हाला?"

हो, तसंच वाटलं होतं. गणपतीच्या आधी भुरी माजावर आली होती. आठ-दहा दिवस फरशी पुसत होतो, गेटाला कडी, फिरायला न्यायचं तर घट्ट साखळी. गौरी आल्या तोवर लाल डाग थांबले. सुटलो म्हटलं. खरं तर माज जवळपास तीन आठवडे चालतो, आणि रक्त येत असतं तेव्हा ती नराला जवळही फिरकू देत नाही. डाग फिके पडले की तिचे खरे दिवस सुरू होतात. म्हणजे आम्ही कडी लावली ती बिनकामाच्या दिवसांत, आणि काढली बरोब्बर नको त्या दिवशी. गौरीजेवणाला पंचवीस माणसं, गेट सताड उघडं, मी पुरणाच्या कढईपाशी. भादव्यात कुत्र्यांचं काय होतं हे गावाकडचं शेंबडं पोरही सांगेल. आम्ही नाशकात राहून शिकलेसवरलेले.

आता मुद्द्यावर येते. कारण मला राग येतोय तो वेगळ्याच गोष्टीचा.

घरी आलो, बातमी सांगितली. सासूबाईंचं पहिलं वाक्य: "कुठंतरी तोंड काळं करून आलीच शेवटी." समोरच्या काकूंनी आवाज खाली आणून विचारलं, "कुणाचं आहे काही कळलं का?" नवरा म्हणाला, "पळून गेली होती ना त्या दिवशी, तेव्हाच मला शंका आली होती." आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला हसत म्हणाला, "ताई, नजर ठेवायला पाहिजे होती."

माझी लेक दहावीला आहे. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, ती पळून नाही गेली. गेट तुम्ही उघडं ठेवलंत."

तिथं मला लख्खकन कळलं की हे शब्द कुत्रीचे नाहीतच. ते घरात आधीपासून होते, कुणाच्या तरी पोरीसाठी जपून ठेवलेले. भुरी सापडली म्हणून तिच्यावर वापरले, इतकंच. कोपऱ्यावरच्या लाल कुत्र्याला कुणी काही बोललं? तो तर त्याच संध्याकाळी आमच्याच दारात पुरणपोळीचा तुकडा खाऊन गेला होता.

अजून लाजिरवाणं सांगते. 2025 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांवर सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, 11 तारखेला. सगळी कुत्री निवाऱ्यात टाका. मग 22 तारखेला तो बदलला: नसबंदी आणि लस करून परत त्याच भागात सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडून. आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन आठवडे हीच चर्चा. महापालिका नसबंदी का करत नाही, नियम आहेत ना 2023 चे, पैसा जातो कुठे, वगैरे. सगळ्यात मोठा आवाज माझा. आणि टेबलाखाली पायाशी बसलेली आमची स्वतःची कुत्री, ऑपरेशन न केलेली.

डॉक्टरांनी एक पर्याय सांगितला होता. अजूनही ऑपरेशन करता येईल, पिल्लांसकट पिशवी काढावी लागेल, रक्त जास्त जातं, जोखीम थोडी वाढते. दोन रात्री झोप नाही. रस्त्यावर आधीच इतकी कुत्री असताना आणखी पाच-सहा जीव जन्माला घालणं बरोबर आहे का? जे लोक "नाही" म्हणतील त्यांच्याशी मी भांडणार नाही. आम्ही ठेवायचं ठरवलं, आणि ते बरोबरच होतं असं मी आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

मग मात्र घरात बाळंतपणाची लगबग. ज्या सासूबाईंनी तोंड काळं म्हटलं, त्यांनीच डिंकाचे लाडू वळायला घेतले! त्यात मूठभर बेदाणे. वेळेत बघितलं म्हणून बरं, द्राक्षं-बेदाणे-मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांवर जातात, थोडेसेही नकोत. लाडू आम्हीच खाल्ले. एका नातेवाइकांनी कॅल्शियमची बाटली आणून दिली, गाईला देतात तसं द्या म्हणाले. डॉक्टरांनी ती परत पाठवली. गाभण असताना वरून कॅल्शियम दिलं तर शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढायला आळसावतं, आणि व्यायल्यावर दूध उतरलं की एकदम कमी पडून कुत्रीला झटके येऊ शकतात. एक्स-रेत पाच कवट्या मोजल्या. दिवाळीत फटाक्यांना घाबरून ती पलंगाखाली, आणि तिच्यासोबत लेक पलंगाखाली, इतिहासाचं पुस्तक घेऊन.

शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ तापमान घ्यायचं. एरवी 101-102 असतं, ते 99 च्या खाली गेलं की चोवीस तासांत बहुधा कळा. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी 98.4. तिच्यासाठी मऊ गोधड्या घालून केलेला कोपरा तिनं साफ नाकारला आणि माळ्यावरून नुकताच उतरवलेला मखराचा खोका पसंत केला. शेजारी मंगलाष्टकं चालू होती, इकडे पहिलं पिल्लू. रात्री साडेअकरापर्यंत पाच. दोन लाल, एक काळं, दोन पांढऱ्यावर ठिपके. काकूंचा प्रश्न परत आला. आता उत्तर होतं माझ्याकडे: एका वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. काकू आठवडाभर आमच्याकडे आल्या नाहीत.

पाचांत दोन नर, तीन माद्या. डोळे उघडायच्या आधीच दोन्ही नरांना घरं मिळाली. माद्यांबद्दल फोन आला की एकच वाक्य, "मादी नको हो, कटकट असते." एकानं तर सुचवलं, "तिन्ही मंडईपाशी सोडा, कुणीतरी उचलतं." मी फोन ठेवला. सासूबाई बाजूला बसून ऐकत होत्या, म्हणाल्या, "मला झाली तेव्हा पण असंच म्हणाले होते." त्या थोरल्या नणंदेबद्दल बोलत होत्या. पुढे काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

आठ आठवडे आईपाशी ठेवून मग नर दिले. ठिपक्यांची एक मादी लेकीच्या वर्गशिक्षिका घेऊन गेल्या. भुरीचं दूध आटलं की ऑपरेशन, संक्रांतीनंतरची तारीख घेतली आहे आणि या वेळी ती पुढे जाणार नाही.

दोन मुली उरल्यात, एक काळी, एक लाल. पहिली लस आणि जंताचं औषध झालंय. नाशिकमध्ये कुणाला हवी असेल तर मेसेज करा. वयात आल्यावर ऑपरेशन करायचं कबूल करावं लागेल, खर्च अर्धा मी देईन. आणि कृपा करून "नर नाहीये का?" असं विचारू नका, फोन सध्या सासूबाई उचलतात.