‘कोकणाचं मालदीव करा’ म्हणता, पण आपली बेटं रिकामी नाहीत

जानेवारी २०२४ मध्ये मालदीववर बहिष्कार घालायची हाक उठली. त्यानंतर एक मजकूर चाकरमान्यांच्या ग्रुपवर फिरायला लागला, आणि गणपती-शिमगा जवळ आला की तो थोड्याफार फरकाने पुन्हा येतो. म्हणणं थोडक्यात असं: मालदीवच्या तोडीचा किनारा आणि बेटं असून कोकणी माणूस गरीब राहिला. बेटं आणि पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे, मोठ्या कंपन्यांना द्या, पर्यटक आले की वीज, पाणी, नोकऱ्या आपोआप येतील. मासे तसेही संपत आलेत, मच्छीमारांनी पर्यटनात यावं. सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे सरकारी नियम, आणि पर्यावरणवाले काही होऊ देत नाहीत. आणि गावकऱ्यांना हा धंदा जमत नाही.

यामागची तळमळ खरी आहे. वाडीतली दहातली सहा घरं बंद बघितली की काहीतरी मोठं घडावं असं कुणालाही वाटेल. पण एकेक मुद्दा हातात घेतला की तो टिकत नाही, आणि काही तर थेट गावाच्या मुळावर येणारे आहेत.

‘मालदीवला जमलं, मग आपल्याला का नाही?’

मालदीवमध्ये सुमारे १,२०० बेटं आहेत आणि माणसांची वस्ती त्यातल्या साधारण २०० बेटांवर आहे. १९७२ साली तिथे पहिलं रिसॉर्ट उघडलं. पुढे एक बेट, एक रिसॉर्ट अशी पद्धत पडली, कारण देण्यासारखी निर्जन बेटं त्यांच्याकडे शेकड्यांनी होती.

आपल्याकडे असं मोकळं बेट कुठलं? मालवणसमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला आहे. तिथे आजही काही कुटुंबं राहतात, शिवराजेश्वराच्या मंदिरात पूजा होते. थळसमोरच्या खांदेरीवर कोळ्यांचा वेताळ आहे. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. निवतीसमोरच्या वेंगुर्ला रॉक्सवर गाव नाही हे खरं, पण तिथल्या गुहांत पाकोळी पक्षी स्वतःच्या लाळेची घरटी बांधतात. ही घरटी खाण्यासाठी चोरून विकली जात होती आणि ती चोरी थांबवायला माणसांना खूप झटावं लागलं. उरलेल्या खडकांभोवती कुणाची ना कुणाची जाळी पडतात. नकाशावर ठिपका मोकळा दिसला म्हणून तो मोकळा होत नाही.

शिवाय मालदीवची पुढची गोष्ट या मजकुरात येतच नाही. वस्तीच्या बेटांवर घरगुती पाहुणे ठेवायला तिथे १९८४ पासून मनाई होती. रिसॉर्ट भरत होती आणि शेजारच्या बेटावरच्या माणसाला आपल्या घरात एक खोली भाड्याने देता येत नव्हती. २००९ नंतर ही मनाई उठली. मग माफुशीसारख्या बेटांवर गावकऱ्यांनी स्वतःची गेस्ट हाऊस काढली. मालदीवकडून शिकायचं तर हे शिकू.

‘पर्यटक आले की सोयी आपोआप येतात’

याला आपल्याच किनाऱ्यावरचं उत्तर आहे. उरण तालुक्यातलं घारापुरी बेट. लेण्यांना १९८७ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मुंबईच्या गेटवेवरून लाँच भरभरून माणसं तिथे उतरतात, जगभरातून येतात. याच बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही तीन गावं आहेत. या गावांना समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा, तो बंद झाला की अंधार. पलीकडे मुंबईचे दिवे डोळ्यांसमोर, आणि मुलं कंदिलावर अभ्यासाला.

म्हणजे जगप्रसिद्ध झाल्यावरही तीस वर्षं. पर्यटक दिवसा आले, लेणी बघितली, संध्याकाळच्या शेवटच्या लाँचने परत गेले. त्यांच्या गर्दीने वीज आणली नाही. सोयी येतात त्या गावकरी वर्षानुवर्षं मागत राहतात आणि सरकारला ते करावं लागतं म्हणून. पर्यटनाच्या भरवशावर नळपाण्याची वाट बघत बसू नका, एवढंच मला त्या तीन गावांकडे बघून सांगावंसं वाटतं.

‘मासे संपलेत, मच्छीमारांनी पर्यटनात यावं’

मासे कमी झाले हे कुठल्याही बंदरावर कुणीही सांगेल. पण का झाले? पर्ससीनच्या, म्हणजे अख्खा थवा घेरणाऱ्या प्रचंड जाळ्यांनी आणि रात्री मासे ओढून घेणाऱ्या एलईडी दिव्यांनी थवेच्या थवे उचलले गेले. म्हणून तर राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले आणि एलईडीच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली. हे नियम नीट पाळले जावेत म्हणून मालवणचे पारंपरिक मच्छीमार रस्त्यावर उतरले आहेत. त्यांना ‘आता बोट सोडा आणि पॅरासेलिंग करा’ हा सल्ला देणं म्हणजे चोरी झालेल्यालाच घर बदलायला सांगणं.

तारकर्ली-देवबागच्या बाजूला रापण बघा. होडी जाळं घेऊन आत जाते, अर्धगोल घालून परत किनाऱ्याला लागते, आणि जाळ्याचे दोन्ही दोर पुळणीवर. मग दोन्ही बाजूंनी माणसं ओढायला लागतात, पाय वाळूत रुतवून, हळूहळू एकमेकांच्या जवळ सरकत. जाळं आलं की पेडवे, बांगडे, तारली जे काय असेल त्याचे वाटे पडतात. या कामाला सलग मोकळी पुळण लागते. मधोमध कुंपण आलं, छत्र्या आणि खाटा आल्या, की रापण संपली. त्यासाठी कायदा करावा लागत नाही, जागा गेली की पुरे. सुकी मासळी वाळत घालायची जागाही अशीच जाते. आधी वासाची तक्रार येते, मग जागा दुसऱ्याची होते.

आणखी एक साधी गोष्ट. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि पावसात किल्ल्याच्या होड्या, स्कुबा, वॉटर स्पोर्ट्सही बंद असतात. एका धंद्याच्या बंद दिवसांत दुसरा उपयोगी पडत नाही. २०२० मध्ये पर्यटन एका दिवसात थांबलं, तेव्हा ज्यांच्याकडे होडी आणि जाळं उरलं होतं त्यांच्या घरात निदान मासे तरी होते. मासेमारीला जोड म्हणून पर्यटन जरूर हवं. मासेमारीच्या जागी नको.

‘सीआरझेड काही होऊ देत नाही’

२०१९ च्या अधिसूचनेने बरंच सैल केलं आहे. दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकाममुक्त पट्टा ५० मीटरवर आला, किनाऱ्याजवळच्या बेटांवर तो २० मीटर आहे. याहून कमी म्हणजे भरतीच्या पाण्यातच बांधायचं.

मात्र इथे तक्रार करणाऱ्यांच्या एका म्हणण्यात तथ्य आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं, आणि तिथल्या मच्छीमारांनी त्याला कडवा विरोध केला. ज्यांच्या जाळ्यांच्या जागा त्यात गेल्या त्यांना विश्वासात न घेता निसर्ग राखता येत नाही. पण यावरचं उत्तर ‘मग निसर्गच नको’ हे नाही. किल्ल्याभोवतीच्या प्रवाळावर बोटवाल्याने नांगर टाकला की वर्षानुवर्षांची वाढ एका फटक्यात मोडते. तिथे तळाशी बांधलेले कायमचे तरंगते बोये बसवले आणि त्यांनाच बोट बांधायची शिस्त लागली तर स्कुबाही चालेल आणि प्रवाळही राहील. पाण्याखाली फोटोसाठी माशांना पाव टाकणंही बंद व्हायला हवं.

‘गावकऱ्यांना हा धंदा जमत नाही’

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण याच्या उलट पुरावा डोळ्यांसमोर आहे.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पूर्वी अंडी माणसं नेत, उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांना. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावातल्याच मुलांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. घरट्यातली शंभरेक अंडी काढून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची, वर टोपली पालथी घालायची आणि दीड-दोन महिने वाट बघायची. सकाळ-संध्याकाळ टोपल्या उचलून बघतात. पिल्लं निघाली असली तर ती समुद्रापासून थोडी दूर सोडतात, कारण पाण्यापर्यंत त्यांनी आपलं आपण चालत जायचं असतं. पाहुणे दोरीच्या मागे उभे राहतात. एखाद्या दिवशी एकही पिल्लू निघत नाही, आणि पाहुण्यांना तेही समजून घ्यावं लागतं.

हे पाहुणे गावातल्या घरांत राहतात, घरातलंच जेवतात. भाडं घरमालकाच्या हातात पडतं, भाकऱ्या शेजारणीकडून येतात, नारळ गावच्याच वाडीतले. अंडी राहिली तर पाहुणे येतात हे लहान पोरालाही कळतं, म्हणून राखण होते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून कांदळवन सफर चालवतात. होडी स्वतः वल्हवतात, तिवर, चिपी, कांदळ ओळखून दाखवतात. ज्या मुळांत कुर्ल्या आणि माशांची पिल्लं वाढतात ती तोडू नका हे त्या वल्हवता वल्हवता सांगतात, आणि ऐकणाऱ्याला ते पटतं.

उणिवा आहेत, त्या लपवायच्या नाहीत. मे २०२२ मध्ये तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. जास्त माणसं भरणं, लाइफ जॅकेट न घालणं, कचरा खाडीत लोटणं, पुळणीवर गाड्या पळवू देणं, हे सगळं थांबायलाच हवं, आणि ते ग्रामसभेने ठरवून कडकपणे थांबवावं.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्या चाकरमान्यांना माझं एक सांगणं आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं गावात घर आहे, गणपतीला आणि शिमग्याला उघडणारं. एजंट येतो, सामायिक सातबाऱ्यावरच्या एकेका भावाला वेगळं गाठतो आणि किनाऱ्याकडची जमीन जाते. ती विकण्याआधी घरातल्या दोन खोल्या राज्याच्या पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत बसतात का ते बघा. संडास-बाथरूम नीट करा, छप्पर शेकारा. तुम्ही मुंबईत असणार, तेव्हा पाहुण्यांचं बघायला वर्षभर गावात राहणारी वहिनी किंवा चुलतभाऊ लागेल. त्यांना पगारावर ठेवू नका, भागीदार करा, आणि वाटा किती ते पहिला पाहुणा येण्याआधी कागदावर लिहा.