शेरू जेवला, असं ॲप म्हणतंय

इंदूरच्या बायपासच्या पलीकडे तुमचा एक प्लॉट पडून आहे. कॉलनी कटली, रजिस्ट्री झाली, भाव मात्र जागचा हलेना. मग तुम्ही तिथे पत्र्याची शेड टाकलीत, जाळीचे आठ पिंजरे करून घेतलेत, गेटवर पंजाचा ठसा रंगवलात आणि पाटी लावलीत, ‘पेट रिसॉर्ट अँड स्पा’. अभिनंदन. आता पहिली खरेदी कोणती? कूलर म्हणालात तर धंदा तुम्हाला कळलेला नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकूनच तो उष्णता बाहेर टाकतो, हे खरं. पण माळव्यातला मे महिना त्याने त्याच्या जबाबदारीवर सोसावा. तुम्ही आधी कुत्र्यांचं बुकिंग, जेवण आणि बिल सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्या.

गिऱ्हाइकांची चिंता नको. लोकमान्य नगर असो, सुदामा नगर असो की रामबाग, मुलगा पुण्याला, मुलगी बंगळुरूला आणि मागे उरलेत आई, बाबा आणि मुलाने कॉलेजात असताना हौसेने आणलेला लॅब्रॅडॉर, नाव समजा शेरू. नातवंडाच्या बारशाला जायचं तर लॅब्रॅडॉरचं काय करायचं? रेल्वेत त्याला सोबत न्यायचं तर एसी फर्स्टचा कूपे अख्खा घ्यावा लागतो. नाहीतर ब्रेकव्हॅनमधला डॉग बॉक्स आहेच, त्यात तो एकटा, अंधारात, रात्रभर. स्लीपर बसवाला तर ‘भिया, कुत्ता नी चलेगा’ म्हणून पायरीवरूनच परत पाठवतो. म्हणजे ते तुमच्याकडेच येणार. बारसं पुण्यात, बिल इंदुरात.

आता सॉफ्टवेअर. ते अमेरिकेतलंच घ्या. देशी घेतलंत तर ते आपल्या पद्धतीने चालेल, आणि मग शिकण्यासारखं काही उरणार नाही. विकत घेतल्यावर त्या जगाच्या बातम्या रोज सकाळी पोह्यांबरोबर वाचत चला. कुठल्या कंपनीने कुठली गिळली, कोणाच्या नव्या आवृत्तीत कॅलेंडरचा रंग बदलला, कोणाचा एआय आता फोनही उचलतो. पिंजरा नंबर चारची कडी नीट लागत नाही ही बातमी यात कुठेच येत नाही, तेव्हा ती बातमी नव्हेच.

या सॉफ्टवेअरला सणवार पाठ असतात. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार आला की ते आपणहून दर वाढवतं, कारण तेव्हा तिकडे थँक्सगिव्हिंग असतं आणि लोक आईबापांकडे टर्की खायला जातात. वाढू द्या. लोकमान्य नगरच्या काकांनी विचारलं की या गुरुवारी दीडपट का, तर सांगा, आंतरराष्ट्रीय सीझन आहे. चार जुलैला ते आठवण करतं की आज फटाके फुटतील, कुत्री आत घ्या, रेडिओ लावा, पडदे ओढा. सल्ला फार चांगला आहे, शब्दन् शब्द पाळा. बाहेर धो धो पाऊस असेल आणि फटाका औषधालाही सापडणार नाही, तरी पडदे ओढून ठेवा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मात्र सॉफ्टवेअर शांत असतं. शेजारच्या कॉलनीत हजाराची लड लागलेली असते, बीगल पाण्याच्या घमेल्यामागे अंग चोरून थरथरत असतो, आणि स्क्रीनवर ‘सामान्य दिवस’. रंगपंचमीला राजवाड्यावरून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, अर्ध्या शहराला रंगाने न्हाऊ घालते, त्याचीही नोंद नाही. सॉफ्टवेअरमध्ये नाही ते कुत्र्याला ऐकू येऊ नये, एवढी शिस्त त्याला लावता येत नसेल तर स्पा कसला?

अपडेट आलं की लगेच दाबा. विचार करू नका. तिकडचे लोक समंजस आहेत, गिऱ्हाइकांना त्रास नको म्हणून अपडेट रात्री दोनला सोडतात. त्यांच्या रात्री दोनला आपल्याकडे भर दुपार असते, कुत्री न्यायला माणसं आलेली असतात, आणि स्क्रीनवर एक वर्तुळ गरगर फिरत असतं. अशा वेळी पाणी विचारा, पंखा त्यांच्याकडे वळवा, आणि ‘सिस्टीम अपग्रेड चालू आहे’ हे वाक्य बँकेतल्या माणसाच्या चेहऱ्याने म्हणा. कोणी फारच आवाज चढवला तर 19 जुलै 2024 ची गोष्ट सांगा. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक आडवे केले, विमानं जमिनीवर राहिली, इस्पितळांतली कामं खोळंबली. तिथे तुमचा पामेरेनियन अर्धा तास उशिरा सुटला तर काय बिघडलं? अपडेटमध्ये नेमकं काय बदललं हे वाचायला जाऊ नका. ‘किरकोळ दुरुस्त्या आणि कामगिरीत सुधारणा’ एवढंच लिहिलेलं असतं. आमदारांच्या कार्य अहवालातही याहून जास्त मजकूर सापडेल.

वेळेचा विषय निघालाच आहे तर घड्याळाला हात लावू नका. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिका घड्याळं तासभर पुढे करते, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणते. तुमच्याकडून सेटिंगमध्ये तिकडचाच टाइम झोन राहिला असेल तर त्या दिवसापासून इंदुरातलं जेवणही तासाने सरकेल. बहुतेक कुत्री कुरकुर करून गप्प बसतील. फिट येणारा एखादा असतो, त्याची फेनोबार्बिटोनची गोळी बारा बारा तासांच्या अंतराने ठरलेली असते. त्याच्या मालकिणीने आठवण केली तर म्हणा, काकू, रिमाइंडर लावलेला आहे.

आणि लसीचं कार्ड. इथे जरा थांबतो, कारण या व्यवसायाचा खरा आनंद इथेच आहे. काकू पर्समधून कार्ड काढतात. चौघडी करून करून ते घडीवर फाटलेलं, सेलोटेपने जोडलेलं, एका कोपऱ्यावर चहाचा गोल. आत बाटलीवरचं लेबल सोलून चिकटवलेलं, त्यावर डॉक्टरांची आडवी सही, आणि शेवटच्या रकान्यात निळ्या पेनाने पुढची तारीख, 5/4. आपल्याकडे लहान पोरही सांगेल, पाच एप्रिल. सॉफ्टवेअर आधी महिना वाचतं, मग दिवस. त्याच्या मते लसीची मुदत चार मेपर्यंत आहे. आज वीस एप्रिल. तुम्ही तारीख टाकता आणि शेरूच्या नावापुढे टपोरी हिरवी टिक उमटते. ती टिक बघा, किती सुंदर आहे. आता कार्ड परत करा, ते बघायची गरज नाही. रेबीजची लस वेळेवर घ्यावी लागते हे शेरूच्या रक्ताला ठाऊक असेल, टिकेला नाही.

केनेल कफबद्दल, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याबद्दल, कोणी विचारलं तर नऊ रोगांच्या लसीची बाटली दाखवा. त्या खोकल्याच्या जंतूची, बोर्डेटेलाची, लस बहुधा वेगळी द्यावी लागते, हे नऊचा आकडा बघितल्यावर सहसा कोणी विचारत नाही. शिवाय हा खोकला फार सोयीचा आहे. संसर्ग झाल्यापासून दिसायला दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत लागतात. तोवर शेरू घरी, काका-काकू घरी, बिल जमा, आणि पाच तारेही मिळालेले. खोकला त्याला घरीच लागला, दुसरं काय?

वजनाचा रकाना पाउंडात आहे. तुम्ही 32 टाकाल, सॉफ्टवेअरच्या मते शेरू साडेचौदा किलोचा होईल आणि ते त्या हिशेबाने जेवण काढून देईल. दहा दिवसांत लॅब्रॅडॉरला कंबर आलेली दिसेल. त्याला ‘वेट मॅनेजमेंट’ म्हणा आणि वेगळे पैसे लावा. जेवणाच्या यादीत कोरडं, ओलं, कच्चं आणि ‘इतर’ असे चारच पर्याय आहेत. दहीभात, खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी, सगळं ‘इतर’. मालकांपैकी काही जण रोज सकाळी स्वतःबरोबर कुत्र्यालाही पोहे घालतात, वर बारीक कांदा, शेव आणि बडीशेप. कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, रक्त कमी होतं, आणि हे लगेच दिसत नाही, काही दिवसांनी दिसतं. तुमच्याकडे कामाला असलेल्या पोराला हे माहीत आहे. तो पोह्यांतला कांदा वेचून बाजूला काढतो आणि म्हणतो, ‘सेठ, इसको प्याज नी देना, मर जाएगा.’ त्याला समज द्या, असली वैयक्तिक निरीक्षणं ॲपमध्ये नोंदवता येत नाहीत.

शीचीही नोंद ठेवायची असते, हसू नका. तिला जागतिक मान्यतेची सात अंकी मोजपट्टी आहे, एक म्हणजे खडे, सात म्हणजे पाणी, आणि आदर्श मानली आहे दोन नंबरची. मोबाइलवर अंक निवडायचा, फोटो जोडायचा, मालकाला पाठवायचा. पुण्यात जेवायला बसलेल्या बाबांना ताटावरच तो मिळतो. ती शी नंतर टाकायची कुठे, हे मात्र सॉफ्टवेअर सांगत नाही. इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं, घरोघर कचरा सहा प्रकारांत वेगळा करणारं शहर, आणि तुम्ही सातव्या डब्याच्या शोधात गाडीमागे धावताय.

आता रोजचं रिपोर्ट कार्ड. या धंद्यात खरं विकलं जातं ते हेच, कुत्रा फक्त निमित्त. संध्याकाळी पोराला सांगा, एकेकाचा फोटो काढ. शेरू जाळीला पाठ लावून बसलेला असतो. शेपूट पोटाखाली, कान मागे चिकटलेले, मान दुसरीकडे वळवलेली, पण डोळे कॅमेऱ्यावर, त्यामुळे बुबुळाच्या कडेला पांढरी कोर दिसते. तो जांभई देतो, झोप नसताना. नाकावरून जीभ फिरवतो, समोर खाणं नसताना. कुत्र्यांमधलं ज्याला थोडंफार कळतं तो लांबूनच सांगेल की हा घाबरलाय. एआय त्याच फोटोवर लिहितो, ‘शेरू आज एकदम निवांत मूडमध्ये! त्याने तीन नवे मित्र केले!’ खाली सूर्य, हृदय आणि हाड.

काकूंचा फोन येणारच.

‘अहो, फोटो बघितला. तो असा का बसलाय?’

‘काकू, निवांत आहे.’

‘घरी असा नाही हो बसत. पाय पसरून बसतो.’

‘इथे स्पा आहे ना, काकू.’

‘जरा त्याच्या कानाशी फोन धराल का? मी हाक मारते.’

इथे नेमकं उत्तर पाठ करून ठेवा. म्हणा, व्हॉइस इंटरॅक्शन प्रीमियम पॅकेजमध्ये येतं.

कायद्याची धास्ती घेऊ नका. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा 1960 चा आहे, आणि त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे किमान दहा आणि जास्तीत जास्त 50 रुपये. 50 रुपयांत सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री दोघांना पोटभर खाता येत नाही. सॉफ्टवेअरचं महिन्याचं भाडं यापेक्षा कितीतरी अधिक, तेव्हा कोणाला घाबरायचं हे तुम्हीच ठरवा. शिवाय मालकाकडून बोटाने सही घेतलेला करारनामा आहेच. लांबलचक इंग्रजी, त्यात अमेरिकेतल्या कोलोराडोच्या न्यायालयाचा उल्लेख तसाच राहिलेला. राहू द्या, वजन पडतं.

मायक्रोचिप असलेला कुत्रा आला तर विशेष आनंद दाखवा. तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप, तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो आणि बाकी काही नसतं. तिला बॅटरी नाही, ती कुत्रा कुठे आहे ते सांगत नाही, वाचक यंत्र अंगाजवळ नेलं तरच क्रमांक देते. पण मालकांना वाटतं की तिच्यात जीपीएस आहे. तुम्ही नाही म्हणू नका, हो पण म्हणू नका, मान किंचित हलवा. रायगडावरचं वाघ्याचं स्मारक 1936 साली उभं राहिलं, त्याला आपल्या इंदूरच्या होळकरांचा पैसा लागला. तो वाघ्या खरा होता की दंतकथा, यावर अजून भांडणं चालू आहेत, म्हणजे बघा, चिप असती तर हा घोळच झाला नसता. हे वाक्य दिवाळी ऑफरच्या जाहिरातीत वापरायला हरकत नाही.

दिवाळीवरून आठवलं. सॉफ्टवेअरमध्ये ‘ओव्हरबुकिंग’ नावाचं एक बटण आहे, हॉटेलांकडून आलेलं. काही लोक ऐनवेळी रद्द करतात असं गृहीत धरून ते पिंजऱ्यांपेक्षा जास्त बुकिंग घेतं. तिकडे करत असतील रद्द. आपल्याकडे पुण्याची तिकिटं दोन महिने आधी काढलेली असतात, कोणी रद्द करत नाही. धनत्रयोदशीच्या सकाळी आठ पिंजऱ्यांसाठी अकरा कुत्री गेटवर हजर होतील, त्यांत एक ग्रेट डेन असेल, आणि स्क्रीनवर अकराही नावांपुढे हिरव्या टिका. घाबरून जाऊ नका. तिघांना घरी न्या, त्याला ‘व्हीआयपी फॅमिली स्वीट’ म्हणा आणि दुप्पट लावा. ग्रेट डेन दिवाणावर मावतो, पाहुण्यांची गादी आधी काढून ठेवा. फक्त वहिनींना याचं नोटिफिकेशन जात नाही. ते तुम्हालाच सांगावं लागेल, आणि शक्यतो त्या चकल्या तळत नसतील अशी वेळ गाठून.