साखरेचा भाव लेखापरीक्षकाने का पाहायचा?

वार्षिक सर्वसाधारण सभांचे दिवस आले की सहकारी संस्था आणि लहान कंपन्यांच्या सभासदांमध्ये एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा : लेखापरीक्षण म्हणजे झालेल्या व्यवहारांची पडताळणी, पाऊस, बाजार, सरकारी धोरण यांच्याशी लेखापरीक्षकाला कर्तव्य नाही. 31 मार्चनंतर काय घडले ते त्याने पाहायचेच नसते. संस्था बुडतात त्या बाहेरच्या कारणांनी, म्हणून त्याला जाब विचारणे अन्यायाचे आहे. आणि त्याने स्वच्छ, म्हणजे कोणताही आक्षेप नसलेला, अहवाल दिला असेल तर ठेवीदारांनी निश्चिंत राहावे. शेवटी ‘लेखापरीक्षक हा राखण करणारा कुत्रा आहे, शिकारी कुत्रा नव्हे’ हे इंग्लंडमधील 1896 च्या निकालातले वाक्य जोडलेले असते. बाहेरचे काही पाहायचे नाही आणि संस्था तर बाहेरच्या कारणांनीच बुडतात, असे असेल तर त्या अहवालाच्या भरवशावर निश्चिंत कसे राहायचे, हा प्रश्न संदेश लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही.

पहिला मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, कारण बाकीचे त्यावरच उभे आहेत. मी काही वर्षे साखर कारखान्यांच्या साठ्याची तपासणी केली आहे, म्हणून उदाहरण तिथलेच घेतो. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते तेव्हा गाळप हंगाम संपत आलेला असतो आणि गोदामे छतापर्यंत भरलेली असतात. थप्पीभोवती फिरून लांबी, रुंदी आणि उंची पोत्यांत मोजायची, मधे पोकळी ठेवलेली नाही ना हे पाहण्यासाठी वर चढायचे, आणि आलेला आकडा गोदामपालाच्या नोंदवहीशी ताडून पाहायचा, असे ते काम असते. एवढ्याने फक्त पोती कळतात. ताळेबंदात मात्र पोती नव्हे, रुपये लिहायचे असतात आणि ते लिहिण्यासाठी दर लागतो. लेखा मानक 2 नुसार साठ्याचे मूल्य उत्पादन खर्च किंवा निव्वळ विक्रीमूल्य (विक्रीचा खर्च वजा जाता हाती येणारी किंमत) यांपैकी जे कमी असेल त्याने धरावे लागते. पाच लाख क्विंटल साखर शिल्लक असेल आणि दर क्विंटलमागे शंभर रुपयांनी फुगवला असेल, तर नफ्यात पाच कोटींचा फरक पडतो. दोन कोटी नफा दाखवणारा कारखाना प्रत्यक्षात तीन कोटी तोट्यात असतो. हा फरक वहीत शोधून सापडत नाही, कारण तो दर वहीबाहेर ठरतो.

तो कुठे ठरतो हेही पाहण्यासारखे आहे. केंद्र सरकारने साखरेचा किमान विक्री दर जून 2018 मध्ये किलोला 29 रुपये ठरवला आणि फेब्रुवारी 2019 मध्ये तो 31 रुपये केला. त्याच काळात उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा केंद्राने ठरवलेला किमान दर, 2018-19 च्या हंगामातील क्विंटलला 275 रुपयांवरून 2024-25 मध्ये 340 रुपयांवर गेली. हा दर ज्या उताऱ्यावर (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणावर) ठरतो तो आधारभूत उतारा 10 टक्क्यांवरून 10.25 टक्के झाला हे धरूनही ही वाढ मोठी आहे. म्हणजे उत्पादन खर्च आणि विक्रीची किमान किंमत या दोन्ही गोष्टींवर दिल्लीचा हात असतो. 7 डिसेंबर 2023 रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर केंद्राने एकाएकी बंदी घातली आणि आठवड्याभरात ती काही प्रमाणात शिथिल केली. ज्या कारखान्याने कर्ज काढून आसवनी (इथेनॉल बनवण्याचा प्रकल्प) उभारली होती, त्याच्या हप्त्यांचे काय होणार, त्या मालमत्तेचे पुस्तकी मूल्य टिकणार का, हे प्रश्न त्या वर्षीच्या लेखापरीक्षकापुढे आपोआप उभे राहिले.

आणखी एक उदाहरण. ऊस (नियंत्रण) आदेश, 1966 नुसार ऊस आल्यापासून चौदा दिवसांत पैसे दिले नाहीत, तर थकीत रकमेवर वर्षाला 15 टक्के व्याज द्यावे लागते. थकीत एफआरपी बहुधा वहीत असते. व्याजाची तरतूद पुष्कळदा नसते. जे लिहिलेच नाही ते नोंदी तपासून कसे सापडणार? ते सापडते कायदा हाती धरून. म्हणूनच लेखापरीक्षण मानक 315 मध्ये संस्थेचा उद्योग, तिला लागू असलेले नियम आणि इतर बाह्य घटक समजून घेऊन मगच हिशेबात मोठी चूक असण्याच्या जोखमीचा अंदाज बांधावा, असे सांगितले आहे. बाह्य घटक पाहणे हा लेखापरीक्षकाचा आगाऊपणा नसून ती त्याच्या कामाची सुरुवात आहे.

31 मार्चनंतरचे पाहायचे नसते, हे तर सरळ चूक आहे. लेखा मानक 4 आणि लेखापरीक्षण मानक 560 त्यासाठीच आहेत. वर्षअखेरीस जी स्थिती होती तिचाच पुरावा नंतर मिळाला, उदाहरणार्थ आधीच डबघाईला आलेला देणेकरी एप्रिलमध्ये दिवाळखोर ठरला, तर आकडे बदलावे लागतात. नंतर नवीनच काही घडले तर आकडे तसेच राहतात, पण घटना मोठी असेल तर ती संचालक मंडळाच्या अहवालात उघड करावी लागते. कोविडची टाळेबंदी 25 मार्च 2020 ला, म्हणजे वर्ष संपण्याच्या आधी लागली. त्या वर्षी 31 मार्चला गोदामात जाणे अनेकांना शक्य नव्हते. तेव्हा नंतर मोजणी करून मधल्या काळातील आवक-जावक उलटी फिरवून वर्षअखेरीचा साठा काढावा लागला.

जाब विचारण्याच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. ऑक्टोबर 2018 मध्ये राज्यातील 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, पुढच्या वर्षी कोल्हापूर-सांगलीत महापूर आला, आणि राज्याचे साखर उत्पादन 2018-19 मधील सुमारे 107 लाख टनांवरून 2019-20 मध्ये 62 लाख टनांच्या आसपास आले. त्याबद्दल कोणत्याही लेखापरीक्षकाला दोष देता येणार नाही. पण बाहेरचे संकट अनेकदा आतले आधीचेच भोक उघडकीस आणते, ते भोक स्वतः पाडत नाही. 7 जानेवारी 2009 ला सत्यम या संगणक कंपनीच्या अध्यक्षांचे घोटाळ्याची कबुली देणारे पत्र आले तेव्हा जग मंदीत होते. तरी ताळेबंदातील रोख व बँक शिलकीपैकी 5,040 कोटी रुपये मंदीने खाल्लेले नव्हते, ते मुळात नव्हतेच. बँकांकडून शिलकीची खातरजमा करून घेण्याच्या प्रक्रियेवरचे नियंत्रण लेखापरीक्षकांनी कंपनीच्याच हाती सोडले होते, असे अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने (तिथल्या शेअर बाजार नियामकाने) एप्रिल 2011 मध्ये नोंदवले आणि त्या लेखापरीक्षकांना 60 लाख डॉलरचा दंड केला. मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हाही बांधकाम व्यवसाय मंदीत होता, हे खरे. पण एका बांधकाम समूहाची थकीत कर्जे लपवण्यासाठी 21,049 बनावट खाती दाखवली गेल्याचे जे समोर आले, त्याचा मंदीशी काय संबंध? पैसे काढण्याची मर्यादा सुरुवातीला हजार रुपये होती, हे तिच्या ठेवीदारांना वेगळे सांगायला नको.

स्वच्छ अहवालाबद्दल थोडेच सांगतो. तो वाजवी खात्री देतो, हमी देत नाही. कंपन्यांना लागू असलेल्या 2020 च्या लेखापरीक्षण अहवाल आदेशात पुढच्या एका वर्षात देणी भागतील का, यावर मत द्यावे लागते. तेही अहवालाच्या तारखेपर्यंतच्या माहितीवर असते. सहकारी संस्थेला लेखापरीक्षणात मिळालेल्या ‘अ’ वर्गाबाबतही हेच ध्यानात ठेवावे.

राहिले ते 1896 चे वाक्य. ते किंग्स्टन कॉटन मिलच्या खटल्यातले आहे, आणि तो खटला नेमका साठ्याचा होता. गिरणीच्या व्यवस्थापकाने कापूस आणि सुताचा साठा वर्षानुवर्षे फुगवून दाखवला, लेखापरीक्षकांनी त्याच्या सहीचा दाखला प्रमाण मानला, आणि न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. आज लेखापरीक्षण मानक 501 नुसार साठा महत्त्वाचा असेल तर मोजणीच्या वेळी लेखापरीक्षकाने शक्य असेल तोवर स्वतः हजर राहायचे असते. किंग्स्टनच्या लेखापरीक्षकांनी जे केले, तेच आज एखाद्याने साखरेच्या गोदामाबाबत केले, तर ते वाक्य त्याच्या बचावाला येणार नाही.